बोअरवेलच्या पाण्यातील लोह, मँगनीज आणि नमुन्याची बाटली

घोडबंदर रस्ता, ऐरोली, घणसोली या भागांतील सोसायट्यांकडून आमच्या प्रयोगशाळेत बोअरवेलच्या पाण्याचे नमुने येतात, तेव्हा एक प्रश्न हमखास विचारला जातो. पंप सुरू केल्यावर बादलीत पडणारे पाणी नितळ असते, मग तासाभरात तेच तांबूस कसे होते? नमुना कसा भरावा याविषयीच्या आमच्या सूचना याच प्रश्नाच्या उत्तरावर आधारलेल्या आहेत, म्हणून ते येथे थोडे सविस्तर देत आहोत.

जमिनीखाली जेथे हवा पोहोचत नाही, तेथे लोह ‘फेरस’ रूपात विरघळलेले असते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. पाणी वर येताच हवेतील ऑक्सिजनमुळे त्याचे ‘फेरिक’ रूप होते, जे जवळजवळ विरघळत नाही आणि तांबूस गाळ होऊन तळाशी बसते. हा बदल किती वेगाने होईल, हे मुख्यतः पाण्याच्या पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्ल आहे हे सांगणाऱ्या आकड्यावर (आकडा जितका कमी तितके पाणी अधिक आम्ल), ठरते. वेर्नर स्टुम आणि फ्रेड ली या संशोधकांनी १९६१ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, नैसर्गिक पाण्याच्या नेहमीच्या पीएचमध्ये तो एका अंकाने वाढला की या बदलाचा वेग सुमारे १०० पट होतो. पीएच ७ च्या आसपास असेल आणि पाण्याला भरपूर हवा मिळाली, तर निम्मे लोह काही मिनिटांत ते अर्ध्या तासात बदलते. पीएच ६ असेल तर त्यालाच एक-दोन दिवस लागू शकतात, आणि ८ ला मिनिटभरही पुरेसे होते. भूजलात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड पाणी उंचावरून पडताना उडून जातो व पीएच वाढतो, त्यामुळे पाणी जाळीवरून तुषारांसारखे पाडण्याची जुनी पद्धत दुहेरी उपयोगाची ठरते.

मँगनीजला मात्र हा उपाय लागू पडत नाही. पीएच ८.५ च्या खाली केवळ हवेने त्याचे ऑक्सिडीकरण (ऑक्सिजनमुळे न विरघळणारे रूप) होण्यास महिने लागू शकतात. पाइपच्या आत एकदा काळा थर बसला, की तो थर आणि त्यावरील जिवाणू हेच काम फार लवकर करतात, आणि मँगनीज डायऑक्साइडचा लेप असलेले फिल्टर याच गुणाचा उपयोग करतात. तेव्हा नुसत्या हवेने मँगनीज काढून देण्याचे आश्वासन कोणी दिल्यास, किती पीएचला, एवढे अवश्य विचारावे. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात मँगनीजची मर्यादा लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत नसल्यास ०.३ पर्यंत सूट आहे. लोहाची मर्यादा २०१५ च्या दुरुस्तीनुसार १ मिलिग्रॅम आहे व तिला सूट नाही.

आता बाटलीविषयी. धातूंच्या तपासणीसाठी आम्ही देतो त्या बाटलीत थोडे नायट्रिक ॲसिड आधीच घातलेले असते, कारण पीएच २ च्या खाली ठेवल्यास लोह गाळ होऊन बाटलीला चिकटत नाही आणि नमुना सहा महिन्यांपर्यंत तपासता येतो. बाटली विसळून मगच भरण्याची आपल्याला सवय आहे आणि एरवी ती चांगलीच आहे, पण येथे विसळताना ॲसिडच निघून जाते. कृपया ही बाटली विसळू नये, उतू जाईपर्यंत भरू नये आणि ॲसिड हाताला लागू देऊ नये. पंप काही वेळ चालवून, गच्चीवरील टाकीतून नव्हे तर थेट बोअरवेलच्या नळातून पाणी घ्यावे; टाकीत बरेचसे लोह आधीच तळाशी बसलेले असते. विरघळलेल्या लोहाचा आकडा वेगळा हवा असल्यास ॲसिड घालण्यापूर्वी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून पाणी गाळावे लागते, नाहीतर ॲसिडमुळे गाळही पुन्हा विरघळतो. त्या कामासाठी, तसेच पीएच जागेवरच मोजण्यासाठी, आमचा माणूस येतो.

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील ज्या ग्राहकांना सहा-संयुजी क्रोमियम (या धातूचे विषारी रूप) तपासायचे असते, त्यांनी तो नमुना ॲसिडच्या बाटलीत मुळीच भरू नये. आम्लात, विशेषतः पाण्यात सेंद्रिय द्रव्ये असतील तर, त्याचे त्रि-संयुजी क्रोमियम होऊ लागते आणि अहवालातील आकडा खोटा ठरतो. असा नमुना कोऱ्या बाटलीत, बर्फात ठेवून, २४ तासांच्या आत तपासला जाईल अशा बेताने पाठवावा. शनिवारी दुपारी भरलेला नमुना सोमवारी आणल्यास आम्हाला तो नाकारावा लागतो.