बोस्नियाच्या अध्यक्षमंडळासाठी उमेदवारी अर्ज: पात्रता, कागदपत्रे आणि एक रकाना

बोस्निया-हर्झेगोविनात राष्ट्राध्यक्ष एक नाही, तिघांचं मंडळ आहे: एक बोस्नियाक (बोस्नियातला, बहुतेक मुस्लिम असलेला समाज), एक क्रोएट, एक सर्ब. 1995 मध्ये युद्ध थांबवणाऱ्या डेटन कराराचं चौथं परिशिष्ट हीच देशाची राज्यघटना; ही वाटणी तिथलीच. मुदत चार वर्षांची, प्रमुखपद दर आठ महिन्यांनी फिरतं.

अर्ज कोण करू शकतो?

नागरिकत्व हवं, वय 18 पूर्ण हवं, मतदार यादीत नाव हवं. युद्धगुन्ह्यांच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाची शिक्षा भोगणारा किंवा आरोपपत्र असूनही हजर न झालेला माणूस अपात्र. इथवर ठीक.

पण देशाचे दोन मुख्य भाग आहेत, फेडरेशन आणि रिपब्लिका सर्प्स्का. बोस्नियाक आणि क्रोएट सदस्य फेडरेशनमधूनच निवडले जातात, सर्ब सदस्य रिपब्लिका सर्प्स्कामधूनच. त्यामुळे फेडरेशनमधल्या सारायेव्होत राहणाऱ्या सर्बाला उभं राहता येत नाही, रिपब्लिका सर्प्स्कातल्या स्रेब्रेनित्सात राहणाऱ्या बोस्नियाकालाही नाही. जुलै 1995 मध्ये जिथे आठ हजारांच्या आसपास बोस्नियाक पुरुष आणि मुलगे मारले गेले, त्याच गावी परतून संसार उभा करणाऱ्याला हा नियम आडवा यावा, हे मला सगळ्यांत जास्त खुपतं.

कागदपत्रे

अर्ज केंद्रीय निवडणूक आयोगाकडे जातो. पक्षाचा उमेदवार असो वा अपक्ष, सहसा मतदारांच्या पाठिंब्याच्या सह्या आणि अनामत रक्कम लागते. सोबत उमेदवाराची संमती आणि आपण कोणत्या समाजाचे याचं निवेदन. त्यासाठी दाखला मागत नाहीत, स्वतः लिहाल ते धरतात. रकाना कोरा ठेवला, तर या पदावरचा हक्क सोडला असं मानलं जातं. ‘इतर’ लिहिलं तरी दार बंदच.

रोमा समाजाचे देर्वो सेजदिच आणि ज्यू समाजाचे याकोब फिन्सी याविरुद्ध युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले आणि 22 डिसेंबर 2009 रोजी जिंकले. स्वतःला फक्त बोस्नियाची नागरिक म्हणवणाऱ्या अझ्रा झोर्निच 2014 मध्ये जिंकल्या, स्रेब्रेनित्साचे इलियाझ पिलाव 2016 मध्ये. तरीही राज्यघटनेतली अट हटली नाही. ही अट युद्ध थांबवण्यासाठी तिन्ही बाजूंना दिलेली हमी होती, हे मान्य. आज मात्र ती बदलायची तर ज्यांची सत्ता तिच्यावर उभी आहे, त्यांचीच मतं लागतात.

मतदान

फेडरेशनमधल्या मतदाराने बोस्नियाक किंवा क्रोएट यांपैकी एकाच उमेदवाराला मत द्यायचं. कोणाला, हे तो ठरवतो. झेल्को कोमशिच क्रोएट जागेवर चार वेळा निवडून आले, तेव्हा ‘हे बोस्नियाकांच्या मतांवर आले’ अशी क्रोएट पक्षांची तक्रार होती. परदेशातल्या नागरिकांनी मतदानासाठी मुदतीत वेगळी नोंदणी करायची असते.