मुंबईची ‘मबई’ कशी होते?

पत्त्यांच्या यादीत नको ती चिन्हं घुसतात: तारे, हॅश, इमोजी, कुठूनतरी चिकटवताना आलेली वाकडी अवतरणं. ती गाळायला रेजेक्सची, म्हणजे मजकुरातले साचे शोधणाऱ्या सूत्राची, एक ओळ पुरते. चौकोनी कंसात आधी ^ आणि मग जे ठेवायचं ते लिहायचं. बाकीचं गळून पडतं.

मात्र पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या रेजेक्सच्या नेहमीच्या ‘री’ (re) मोड्यूलला बॅकस्लॅश-डब्ल्यू (\w) आणि मोकळी जागा सोडून सगळं काढायला सांगितलं, की मुंबईची ‘मबई’ होते, कुर्ल्याचं ‘करल’ आणि ठाण्याचं ‘ठण’. प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या लेखी ‘म’ हे अक्षर, पण काना, उकार, अनुस्वार, हलन्त या नुसत्या खुणा. बॅकस्लॅश-डब्ल्यूमध्ये अक्षरं, अंक आणि अधोरेषा बसतात, या खुणा नाहीत. चाचणीला ‘परळ’ घेतलंत तर सगळं आलबेल वाटेल, कारण त्यात खूणच नाही! ‘कुर्ला’ घ्या.

[^अ-ह ] हा साचाही तितकाच फसवा. युनिकोडच्या क्रमात काना-मात्रा ‘ह’च्या पुढे आहेत, अनुस्वार ‘अ’च्या आधी, आणि ‘ॲप’मधला ‘ॲ’ तर पार टोकाला. त्यापेक्षा देवनागरीचा अख्खा पट्टाच द्यावा: सोळाच्या पायात 0900 ते 097एफ, एकूण 128 जागा. 0 ते 9 हे अंक त्यात नसतात, ते वेगळे लिहावे लागतात. दंड (।) मात्र आत येतो.

खरी गोम न दिसणाऱ्या चिन्हांत आहे. युनिकोड क्रमांक 200बी ही शून्य रुंदीची जागा खुशाल काढा. 200डी हा दोन चिन्हं जोडणारा जोडक काढताना मात्र जपून. काही कळफलक ‘दऱ्या’ लिहिताना र, हलन्त, 200डी, य असा क्रम ठेवतात. जोडक गेला की डोंगरातल्या दऱ्यांचा थेट ‘दर्या’ होतो. म्हणून आधी त्या क्रमातल्या ‘र, हलन्त, 200डी’च्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त घालावा. मग हलन्तामागून आलेला 200डी ठेवावा, इतरत्रचा काढावा. इमोजी गाळल्यावर त्यांना जोडणारा 200डी मागे उरतो, तो असा जातो.

काढलेल्या चिन्हाच्या जागी रिकामं नको, मोकळी जागा घाला. नाहीतर खोली ‘12/4’ची ‘124’ होते. सलग जागा शेवटी एकीत मिटवा. ‘दादर (प.)’चं ‘दादर पश्चिम’ मात्र गाळणीच्या आधीच करून घ्यावं, एकटा उरलेला ‘प’ पुढच्या एखाद्या नियमात उडाला, तर पश्चिमेचं टपाल पूर्वेला जायचं.