जाळ्यांना पाजलेला कात

विड्यात कात जरा जास्त पडला की जीभ आखडते, तोंड कोरडं होतं. त्या वेळी तोंडात जे घडतं, त्याच्याच जोरावर दर्यावर जाणाऱ्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या आपली जाळी आणि शिडं कुजण्यापासून वाचवली.

कापूस, ताग, अंबाडी यांचे धागे मुख्यतः सेल्युलोजचे. जिवाणू आणि बुरशी सेल्युलोज थेट गिळू शकत नाहीत. त्या आधी सेल्युलेज नावाचं विकर बाहेर सोडतात, ते धाग्यातल्या लांबच लांब साखळ्या तोडून त्यांची साखर करतं आणि मग ती साखर शोषली जाते. ओलं सुती जाळं ढीग करून ठेवलं, की काही आठवड्यांत सूत हातानं तुटायला लागतं, ते यामुळेच.

झाडालाही हेच शत्रू. त्यांच्याविरुद्ध झाडानं सालीत टॅनिन साठवलेलं असतं. टॅनिनचा गुण एकच, पण जबरदस्त: ते प्रथिनांना घट्ट चिकटतं. लाळेतल्या प्रथिनांना चिकटलं, की तोंड तुरट होतं. कातड्यातल्या कोलॅजेनला चिकटलं, की चामडं कमावलं जातं. आणि सेल्युलेज हेही शेवटी प्रथिनच! टॅनिननं त्याला धरलं, की सूत तोडणारी कात्रीच बोथट होते.

कोकणातले कोळी यासाठी ऐनाची साल उकळून तिच्या काढ्यात जाळी बुडवत. ब्रिटनच्या किनाऱ्यावर ओकची साल वापरत. तिथे या कामाचं नावच ‘बार्किंग’, म्हणजे साल लावणं. जाळ्यांच्या हौदातच कोळ्यांचे अंगरखेही बुडत, म्हणून जुन्या बंदरांतली माणसं आणि शिडं एकाच तांबूस रंगाची दिसत.

मग तिथे आपला कात पोचला. कात खैराच्या सालीचा नव्हे, आतल्या लाल गाभ्याचा. गाभ्याचे तुकडे उकळून, रस आटवून तो काढतात. कातकरी जमातीचं नाव याच कामावरून पडलं. 1803 मध्ये हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञानं मुंबई आणि बंगालहून आलेला कात तपासला. मुंबईच्या नमुन्यात निम्म्याहून अधिक टॅनिन निघालं. कमावण्याच्या कामात 1 पौंड कात ओकच्या सुमारे 8 पौंड सालीची बरोबरी करतो, असा त्याचा हिशेब होता. पुढे भारतातून आणि ब्रह्मदेशातून काताच्या वड्या तिकडच्या बंदरांत जाऊ लागल्या.

या कारागिरीतली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट म्हणजे वाळवणं. कातात कॅटेचिन नावाचं द्रव्य असतं. उघड्यावर हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होतो, त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि लालसर, पाण्यात सहज न विरघळणारा थर धाग्यावर बसतो. जाळं नुसतं सुकत नव्हतं, वाळताना पक्कं होत होतं. काढा उकळायला तांब्याचं भांडं चांगलं. लोखंडाशी गाठ पडली की टॅनिन काळं पडतं. लोखंडी कढईत कोरा चहा उकळून पाहा, लगेच कळेल.

पण सूत म्हणजे कातडं नव्हे. सेल्युलोजला टॅनिन तितकं घट्ट धरत नाही, समुद्राचं पाणी ते हळूहळू धुऊन नेतं. म्हणून एका हंगामात जाळी पुन्हापुन्हा हौदात घालावी लागत. पुढे काढ्यानंतर मोरचुदाचं पाणी देण्याची रीत आली: तांबं टॅनिनला बांधून ठेवतं आणि स्वतःही जिवाणूंना मारक ठरतं. मग नायलॉन आलं. ते सागरी जिवाणूंना पचतच नाही, आणि सालीचे हौद थंडावले.

हे घरी पडताळून पाहता येतं. शुद्ध कात पाण्यात उकळून त्यात थोडा सुती दोरा तासभर ठेवा, मग दोन दिवस उघड्यावर वाळवा. तो आणि एक कोरा दोरा कुंडीतल्या ओल्या मातीत शेजारीशेजारी पुरा. तीन-चार आठवड्यांनी दोन्ही काढा आणि टोकं धरून ओढा.