प्लग बाहेर करंट मारतो, मग आत काय होतं?

खंबाटकी चढताना आमची बारा वर्षांची हॅचबॅक (रीडिंग 1 लाख 14 हजार) मिसिंग करायला लागली. पाय दाबला की गचके, पाय हलका केला की एकदम शहाणी, आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकतोय. घाट संपल्यावर एका मेकॅनिककडे थांबलो. त्याने स्पार्क प्लग (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडून पेट्रोल पेटवतो तो) काढला, कॉइलला (त्याला जोरदार व्होल्टेज पुरवते ती) जोडून इंजिनच्या लोखंडाला टेकवला, सेल्फ मारला. निळी ठिणगी, चटचट आवाज. "करंट मस्तय दादा, प्लगला काय नाय झालं. पेट्रोलमध्ये पाणी असणार."

ही टेस्ट स्कूटरच्या जमान्यापासून चालत आलीये. करंट साफ बंद असेल तर ती कामाची आहे, पण झिजलेला प्लग तिच्यात हमखास पास होतो, आणि तो का पास होतो हे इतकं भारी आहे की त्यासाठीच हे लिहायला बसलो.

ठिणगी म्हणजे काय, तर प्लगच्या दोन टोकांमधल्या हवेत एखाददुसरा मोकळा इलेक्ट्रॉन असतोच, व्होल्टेज दिलं की तो पळत सुटतो आणि हवेच्या रेणूवर आदळतो. आदळताना अंगात पुरेसा जोर असेल तर त्या रेणूतून आणखी एक इलेक्ट्रॉन उडवतो, मग एकाचे दोन, दोनाचे चार, असं होत होत हवाच तारेसारखी वीज वाहायला लागते. पण जोर यायचा तर पळायला जागा पाहिजे ना! दिवाळीच्या आदल्या दिवशी लक्ष्मी रोडवर पळून बघा. दोन पावलांत कुणावर तरी आदळाल, पण वेगच आलेला नसल्यामुळे समोरचा पडणार नाही, फक्त वळून बघेल.

सिलिंडरमध्ये ही दिवाळीची गर्दी असते. ठिणगीच्या क्षणी पिस्टनने हवा दाबून सात-आठ पट दाट केलेली असते. मोकळ्या हवेत 1 मिमीला ढोबळमानाने 3 हजार व्होल्ट पुरतात, आत त्याच्या कितीतरी पट लागतात. फ्रिडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने 1889 मध्ये हे मोजून मांडलं: लागणारं व्होल्टेज दाब आणि अंतर यांच्या गुणाकारावर ठरतं (तापमान तेच धरून, नाहीतर दाबाऐवजी घनता घ्या). गंमत म्हणजे हवा फारच विरळ केली तर आदळायला रेणूच मिळत नाहीत आणि व्होल्टेज परत वाढतं, मधे साधारण 330 व्होल्टचा तळ आहे, त्याच्याखाली हवेत ठिणगी पडतच नाही. असो, भरकटलो.

आता घाट. पाय दाबला की थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) उघडतो, जास्त हवा आत, जास्त गर्दी, जास्त व्होल्टेज. पाय काढला की उलट. म्हणून गाडी नेमकी चढावर रडते.

आणि झीज? 2000 आरपीएमला 40 च्या स्पीडने गेलं तर किलोमीटरमागे 1500 ठिणग्या होतात. हे प्लग 50 हजार किमी चाललेले, म्हणजे प्रत्येकी साडेसात कोटी. प्रत्येक ठिणगी निकेलचा कणभर धातू उडवते. गॅप, म्हणजे दोन टोकांमधलं अंतर, 1.1 मिमी पाहिजे तिथे फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) दीडच्या पुढे निघाला. त्याहून वाईट म्हणजे कडा गोल होतात. धारदार कडेवर विद्युतक्षेत्र एकवटतं, गोल कडेवर पसरतं, म्हणजे कॉइलला दोन्हीकडून ओझं. बाहेर मोकळ्या हवेत ते झेपतं, म्हणून टेस्ट पास; आतल्या गर्दीत झेपलं नाही की ठिणगी पडत नाही, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा डबा) जाऊन तिथे जळतं आणि तो वितळू शकतो. लुकलुकणारा दिवा तेच ओरडून सांगत असतो, बंपरला लिंबू-मिरची बांधून तो विझत नाही.

निकेलऐवजी इरिडियमचं टोक असलेल्या महागड्या प्लगचं कौतुक होतं, ते हा धातू 2446 अंशांपर्यंत वितळत नाही म्हणून. त्यामुळे टोक सुईसारखं बारीक ठेवता येतं आणि ते टिकतं. 'पिकअप वाढेल, ॲव्हरेज वाढेल' ही मात्र दुकानदारी, जुने झिजलेले प्लग काढले की साध्या निकेलनेही तेवढाच फरक पडतो.

प्लग घरीच बदलले, इंजिन पूर्ण गार करून, कारण गरम ॲल्युमिनियम हेडचे आटे जातात. आधी हाताने फिरवून बसवले, मग पान्हा.

पुढच्या खेपेला त्याच मेकॅनिककडे थांबून जुना आणि नवा दोन्ही दाखवले. त्याने दोन्हीच्या टोकांवरून नख फिरवलं. जुन्यावरून ते सरकून गेलं, नव्याच्या कडेला अडकलं. "हा टोचतोय की," म्हणाला.