हृदयरोगाचा आरोग्यभार व श्रमभार (ग्रामीण विदर्भ)

हृदयरोगामुळे आयुष्याची जी वर्षे अकाली मृत्यूने जातात, जी वर्षे अधू अवस्थेत काढावी लागतात आणि त्या काळात हातून जे काम व्हायचे राहते, त्या सगळ्याच्या एकत्रित हिशेबाला हृदयरोगाचा आरोग्यभार व श्रमभार म्हणतात. पहिला भाग वैद्यकाचा, दुसरा अर्थशास्त्राचा. कारखान्यात किंवा कचेरीत दुसरा भाग मोजणे तुलनेने सोपे असते, कारण तिथे हजेरीपट असतो, आजारपणाची रजा असते, पगाराची पावती असते. ग्रामीण विदर्भात यातले काहीच नसते. त्यामुळे इथला श्रमभार मोठा असूनही कागदावर जवळपास दिसत नाही.

अमरावती आणि नागपूर या दोन महसूल विभागांतले ११ जिल्हे म्हणजे विदर्भ. पश्चिमेला वऱ्हाडात कापूस, सोयाबीन आणि तूर. पूर्वेला भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा काही भाग मिळून झालेल्या झाडीपट्टीत धान. मध्ये काटोल, वरुडकडे संत्र्याच्या बागा. शेती बरीचशी पावसावरची. मजुरी रोजाने, नाहीतर गुत्त्याने (ठेक्याने).

मोजण्याच्या पद्धती

आरोग्यभारासाठी जगभर वापरले जाणारे माप म्हणजे अपंगत्व-समायोजित आयुर्वर्षे, बोलीभाषेत ‘डॅली’. अकाली मृत्यूने गमावलेली वर्षे आणि आजारात काढलेली वर्षे (आजाराच्या तीव्रतेनुसार वजन देऊन) यांची ती बेरीज असते. जागतिक बँकेच्या १९९३ च्या विकास अहवालानंतर हे माप रूढ झाले. या मापाने भारतातील हृदय व रक्तवाहिन्यांच्या रोगांचा वाटा १९९० मध्ये एकूण आयुर्वर्षांच्या ६.९ टक्के होता, तो २०१६ मध्ये १४.१ टक्के झाला. मृत्यूंमधला वाटा याच काळात १५.२ टक्क्यांवरून २८.१ टक्क्यांवर गेला. यात पक्षाघातही धरलेला आहे.

श्रमभारासाठी सहसा मानवी भांडवल पद्धत वापरतात: बुडालेले दिवस गुणिले मजुरी. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर ३१२ रुपये धरला, तर महिनाभर घरी बसलेल्या माणसाचे २६ दिवसांचे ८,११२ रुपये बुडाले, असा तो हिशेब. गैरहजेरी या पद्धतीत पकडता येते. कामावर हजर असून निम्मेच काम होणे मात्र तिच्यातून निसटते, आणि विदर्भातल्या हृदयरुग्णाचे खरे नुकसान बहुतेक तिथेच असते.

रोगाचे इथले स्वरूप

शहरात हृदयरोग म्हटले की झटका, स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) आणि बायपास आठवते. गावात त्याचे तीन-चार चेहरे आहेत. रक्तवाहिनी बंद होऊन येणारा झटका हा एक. तो इथे लवकर येतो. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या झटक्याचे मध्यम वय दक्षिण आशियात ५३ निघाले, इतर जगात ५९ च्या आसपास. शेतकऱ्याच्या घरात ५३ म्हणजे मुलगा अजून पुरता हाताशी आलेला नाही आणि पोरीचे लग्न व्हायचे आहे, असे वय.

दुसरा चेहरा उच्च रक्तदाबाचा. त्याची अखेर हृदयात कमी आणि मेंदूत जास्त होते. गडचिरोलीतील ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांत घरोघरी जाऊन मृत्यूची कारणे तपासली, तेव्हा पक्षाघात हे सर्वांत मोठे कारण निघाले. सुमारे १४ टक्के मृत्यू त्याने झाले होते. मलेरिया आणि कुपोषणाचा जिल्हा अशी ज्याची ओळख, तिथून आलेला हा निष्कर्ष होता.

तिसरा संधिवाती हृदयरोग. लहानपणी घसा दुखतो, अंगात ताप असतो, सांधे सुजतात आणि पुढे पंधरा-वीस वर्षांनी हृदयाची झडप आकसलेली सापडते. कोंदट घर आणि घशाच्या संसर्गावर वेळेत न मिळालेले पेनिसिलीन ही त्याची मुळे. त्याचे रुग्ण तरुण असतात, त्यांत बायका अधिक. अनेकींना तो पहिल्या बाळंतपणात कळतो, कारण गरोदरपणात रक्ताचे प्रमाण वाढते आणि आकसलेली झडप ते पेलू शकत नाही. पुढे दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचे दुखरे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. याखेरीज पूर्व विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण मोठे आहे. त्यातला दीर्घकाळचा रक्तक्षय हृदयावर ताण आणतो.

कारणांत खर्ऱ्याला वेगळी जागा द्यावी लागते. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून केलेला हा खर्रा पूर्व विदर्भात पाहुणचाराचा भाग आहे. बांधावर काम थांबले की पुडी निघते. गुटख्यावर २०१२ मध्ये राज्यात बंदी आली, खर्रा पानठेल्यावर घोटलाच जात राहिला. निकोटीनने नाडी आणि रक्तदाब दोन्ही वाढतात. तंबाखू चघळली म्हणून हृदय सुटत नाही. ज्वारीच्या भाकरीच्या जागी रेशनचा गहू-तांदूळ आला, जवसाची चटणी ताटातून मागे पडली, आणि मीठ-तेल वाढले. पण सगळा दोष तर्रीवर (तेलकट-तिखट रश्श्यावर) ढकलण्याची शहरी सवय इथे पुरी पडत नाही. दिवसभर वखरामागे चालणाऱ्या माणसाला ‘व्यायाम करा’ असे छापलेले पत्रक देण्यात फारसा अर्थ नाही.

श्रमभार

वेचणीला निघालेली बाई कमरेला ओटी बांधते. दोन ओळींमधून चालत बोंडे दोन्ही हातांनी वेचायची, ओटी भरली की धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) गाठोड्यात रिकामी करायची, पुन्हा ओळीत. संध्याकाळी गाठोडे काट्याला अडकवतात आणि किलोवर पैसे मिळतात. आता समजा, पन्नास किलो वेचणारी बाई दम लागतो म्हणून दर ओळीच्या टोकाला बसायला लागली आणि तिचा काटा तीसवर आला. किलोला १० रुपये धरले तर रोजचे २०० रुपये गेले. ती दिवसभर शेतात होती, उन्हात होती, थकलीही दुप्पट. गैरहजेरीच्या हिशेबात तिचे नुकसान शून्य. काटा मात्र खोटे बोलत नाही. ग्रामीण विदर्भात हृदयाच्या कार्यक्षमतेचे इतके प्रामाणिक मापन क्वचितच दुसरीकडे होत असेल, फक्त ते कोणी लिहून ठेवत नाही.

झाडीपट्टीत हेच रोवणीला (धानाच्या लावणीला) दिसते. चिखलात उभे राहून तासन्‌तास वाकून काम. “वाकलं का दम भरते जी,” असे एखादी म्हणते तेव्हा ती थकव्याची तक्रार समजून सोडून दिली जाते. वाकल्यावर अर्ध्या मिनिटात दम लागणे हे हृदय निकामी होत असल्याचे ओळखीचे लक्षण आहे. रोवणी गुत्त्याने घेतलेली असते, टोळीने मिळून एकर संपवायचा असतो. मागे पडणारीला टोळी पहिले काही दिवस सांभाळून घेते, पुढच्या हंगामात बोलावत नाही. रोजगार हमीच्या कामावरही मजुरी मोजमापावर ठरते, त्यामुळे तिथेही दुबळ्या गड्याला जोडीत घ्यायला लोक नाखूश असतात.

औषध आणि काम यांचाही झगडा आहे. हृदय निकामी होऊ लागलेल्यांना अंगातले पाणी कमी करणारी गोळी देतात, गावात तिचे नाव ‘लघवीची गोळी’. सकाळी घेतली की दोन-तीन तास वारंवार जावे लागते. उघड्या कापसाच्या शेतात, आजूबाजूला गडीमाणसे असताना, बाई जाणार कुठे? मग वेचणीच्या दिवसांत ती गोळी खुंटीला टांगलेल्या पिशवीतच राहते. पंधरा दिवसांनी पाय सुजतात, रात्री आडवे झाले की श्वास कोंडतो, आणि रुग्णालयात तिच्या कागदावर ‘औषधे नियमित घेत नाही’ असा शेरा पडतो. मे महिन्यात उलटे होते. तेंदूपत्त्याच्या हंगामात चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. घामाने पाणी गेलेले असताना तीच गोळी घेतली तर रक्तदाब उतरून माणूस जंगलातच भोवळ येऊन पडू शकतो. हंगामानुसार मात्रा बदलून देणारा डॉक्टर ही तिथे चैनीची नव्हे, गरजेची गोष्ट आहे.

शेतकऱ्याचा झटका दिवस खात नाही, हंगाम खातो. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर माणूस पडला तर बुडालेले दिवस वीस असतील, पण त्या वीस दिवसांत वाफसा (पेरणीजोगी ओल) निघून जातो. सालदार (वर्षाच्या बोलीचा गडी) ठेवायचा तर पैसा लागतो, डवरणी (ओळींमधली कोळपणी) वेळेवर झाली नाही तर तण पीक खाते. पुढच्या वर्षी जमीन ठोक्याने (भाड्याने) जाते. बैलजोडी विकली की ती परत येत नाही. शहरातला बाबू तीन महिन्यांनी त्याच खुर्चीत परत बसतो. इथे खुर्चीच विकली गेलेली असते. उरलेले काम घरातल्या बाईवर येते. फवारणीचा पंप तिच्या पाठीवर चढतो, आणि मोठी मुलगी शाळेऐवजी निंदणाला जाते. हा सरकलेला भार कोणत्याच पद्धतीत नीट बसत नाही, कारण रुग्ण एक आणि कामाचे नुकसान दुसऱ्याच्या नावावर.

उपचारापर्यंतचा रस्ता

छातीत कळ आली की पहिला शब्द ‘गॅस’. “गॅसच असन,” म्हणून सोडा, ओवा, मग गावातल्या डॉक्टरचे इंजेक्शन. ईसीजीची पट्टी निघेपर्यंत रात्र गेलेली असते. झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या १२ तासांत उपयोगी पडते, आणि त्यातही पहिल्या दोन-तीन तासांत सर्वाधिक; एकेका तासाने हृदयाचा स्नायू मरत जातो. पुढे बायपास करून जीव वाचला तरी मेलेला स्नायू परत येत नाही. पुढची वीस वर्षे वखर धरता येईल की नाही, हे बहुतेक त्या पहिल्या रात्रीच ठरते. आरोग्यभार आणि श्रमभार यांची गाठ नेमकी इथे पडते.

१०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते, त्याने मोठा फरक पडला. पण भामरागड ते गडचिरोली अंतर दीडशे किलोमीटरहून अधिक, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की भामरागडचा रस्ता अनेकदा बंद. मेळघाटातल्या धारणी, चिखलदऱ्याचे घाटही तसेच. सेवाग्रामचे १९६९ मध्ये सुरू झालेले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, सावंगी मेघे, अमरावती आणि नागपूर ही हृदयोपचाराची ठिकाणे वर्धा-नागपूर-अमरावतीच्या पट्ट्यात एकवटलेली आहेत. यवतमाळच्या झरी-जामणीचा किंवा सिरोंच्याचा माणूस त्या पट्ट्यापासून फार लांब पडतो.

खर्चाची बाजू मधल्या काळात हलकी झाली. मोफत उपचारांची राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये निवडक जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती आणि गडचिरोली होते. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. अमरावती विभागातले पाचही जिल्हे आणि वर्धा शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत मोडत असल्याने तिथल्या पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही तिचा लाभ दिला गेला. फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आली; औषधलेपित स्टेंट तीस हजारांच्या आत आला. तरी सोबत राहणाऱ्या माणसाची बुडालेली रोजी कोणतीही योजना देत नाही. शस्त्रक्रियेची तारीख म्हणूनच ‘माल विकला की बघू’ अशी ठरते.

सगळ्यात स्वस्त उपाय सगळ्यात कंटाळवाणा आहे: रक्तदाब मोजणे आणि गोळी सलग देणे. त्यासाठीचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला तेव्हा पहिल्या २५ जिल्ह्यांत विदर्भातले वर्धा आणि भंडारा होते. ठरलेल्या मोजक्या गोळ्या आणि एका वेळी ३० दिवसांचा साठा हा त्याचा गाभा. आशा ताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा तपासणी फॉर्म भरतात. उपकेंद्रातली गोळी संपली नाही तर ही साखळी चालते. संपली की ‘बीपीची गोयी’ बंद होते, आणि बरे वाटत असल्याने कोणी विचारायलाही येत नाही.

नोंदी आणि भरपाई

घरी मेलेल्या माणसाच्या मृत्यूचे कारण बहुधा नातेवाइकांनी सांगितलेले असते. ‘हृदयक्रिया बंद पडून’ हे शब्द कशालाही चालतात. सापाने मेलेल्याची आणि क्षयाने गेलेल्याचीही हृदयक्रिया बंदच पडते. उलट शेतात अचानक कोसळलेल्याची नोंद ‘उन्हाने’ म्हणून होते. मरणानंतर घरच्यांशी सविस्तर बोलून कारण शोधण्याची पद्धत यावर तोड आहे, पण ती संशोधन आणि नमुना-पाहण्यांपुरतीच राहिली आहे.

कायद्याच्या नजरेतही हृदयरुग्ण अदृश्यच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत सिकलसेल आहे, निकामी होत चाललेले हृदय नाही. शेतमजुराला कामगार विमा नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत बांधावर साप चावून मृत्यू आला तर वारसांना २ लाख रुपये मिळतात. त्याच बांधावर झटक्याने गेला तर तो नैसर्गिक मृत्यू, म्हणून काही नाही. दारिद्र्यरेषेखालील घर असेल आणि गेलेला कर्ता १८ ते ५९ वयाचा असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २० हजार रुपये मिळतात. त्यासाठी तहसील कचेरीत अर्ज करावा लागतो, आणि त्या दिवसाचीही रोजी बुडते.