शोरूमिंग की वेबरूमिंग? दुकानात फोन काढणारं गिऱ्हाईक नेमकं काय करतंय

तरुण ग्राहकांमुळे दुकानदारी कशी बदलतेय, हा विषय निघाला की हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. माल दुकानात बघायचा आणि मागवायचा ऑनलाइन, हे शोरूमिंग. शोधाशोध ऑनलाइन करायची आणि पैसे दुकानात मोजायचे, हे वेबरूमिंग. क्रम तेवढा उलटा. पण एकात दुकानाच्या भाड्यावर दुसऱ्याचा धंदा होतो आणि दुसऱ्यात गिऱ्हाईक मन बनवूनच दारात येतं.

व्याख्या सोपी आहे, ओळखणं अवघड. विशीतली एक मुलगी बुटांच्या रॅकपाशी उभी आहे. एक बूट पायात, दुसरा खोक्यात, आणि फोनचा कॅमेरा खोक्यावरच्या बारकोडवर. ती दुसरीकडचा भाव बघत असेल तर शोरूमिंग. पण कदाचित तिने रील बघून हा बूट आधीच पसंत केलाय, आणि आता ‘नेहमीपेक्षा एक साइझ मोठा घ्या’ असं रिव्ह्यूत कुणी लिहिलंय का, ते तपासतेय. तसं असेल तर पाच मिनिटांत ती काउंटरवर असेल. लांबून बघणाऱ्या सेल्समनला दोन्ही प्रकार हुबेहूब सारखे दिसतात. त्याने कपाळाला आठ्या घातल्या, तर आलेली विक्री हातची जाण्याची शक्यताच जास्त.

या आठ्यांना इतिहास आहे. डिसेंबर २०११ मध्ये ॲमेझॉनने अमेरिकेत एक दिवसाची ऑफर काढली: दुकानात उभं राहून आमच्या ॲपवर भाव तपासा, ठरावीक वस्तूंवर ५ टक्के सूट घ्या. दुकानदार खवळले, आणि ते साहजिकच होतं. पुढे २०१७ मध्ये त्याच कंपनीला एक पेटंट मिळालं. दुकानाच्या वायफायवरून ग्राहक दुसरीकडचे भाव शोधू लागला, तर ते ओळखून त्याला अडवायचं तंत्र त्यात होतं. कंपनीने तोवर स्वतःची दुकानं थाटायला सुरुवात केली होती, एवढं सांगितलं की पुरे!

शोरूमिंगवर खरा उतारा शोधला तो बेस्ट बाय या अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांच्या साखळीने. ह्यूबर्ट जोली २०१२ मध्ये तिथे प्रमुख झाले आणि २०१३ पासून कंपनीने मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांच्याच भावात माल द्यायला सुरुवात केली. दुसरी चाल मला जास्त हुशारीची वाटते. लोक दुकान शोरूमसारखं वापरणारच असतील, तर शोरूमचे पैसे माल बनवणाऱ्यांकडून का घेऊ नयेत? सॅमसंग, मायक्रोसॉफ्ट अशा कंपन्यांचे स्वतंत्र विभाग त्यांनी आपल्या दुकानांतच उभारले.

वेबरूमिंगला मात्र हा उतारा चालत नाही. इथे घोडं भावावर अडत नाही, माहितीवर अडतं. आपल्या मापाचा, हव्या रंगाचा माल जवळच्या दुकानात आत्ता आहे का? साइटवर ‘उपलब्ध’ दिसलं आणि दुकानात रॅक रिकामा निघाला, तर तो ग्राहक तिथल्या तिथे दुसरीकडे ऑर्डर टाकतो. म्हणजे वेबरूमिंग करणाऱ्याला शोरूमिंगकडे ढकलतो तो बरेचदा दुकानाचा गलथान स्टॉकच. यावर उपाय कंटाळवाणे आहेत: साठ्याची नोंद ताजी ठेवणं, ऑनलाइन राखून ठेवलेला माल दुकानात देणं, आणि वीस व्हिडिओ बघून आलेल्या मुलासमोर टिकेल इतकी सेल्समनची तयारी करून घेणं.

तरुण म्हणजे सगळे शोरूमिंगवाले, हा समज म्हणूनच मला पटत नाही. फोनवर वाढलेल्या पिढीलाही कपडा अंगाला लावून बघायचा असतो, वस्तू आजच्या आज हवी असते, आणि परत करायची कटकट नको असते. झाराने २०२२ पासून काही देशांत घरून परत पाठवण्याला शुल्क लावलं. दुकानात नेऊन दिलं तर फुकट. म्हणजे ऑनलाइन घेतलेला कपडा परत करायलाही माणूस दुकानातच येणार.

आणि काही ब्रँडना तर शोरूमिंगच हवं असतं. वॉर्बी पार्कर २०१० मध्ये चष्मे ऑनलाइन विकत सुरू झाली आणि २०१३ मध्ये तिने न्यूयॉर्कमध्ये दुकान उघडलं. चष्मा दुकानात चेहऱ्यावर लावून बघितला आणि घरी जाऊन त्याच कंपनीच्या साइटवर मागवला, तर कंपनीचं काहीच बिघडत नाही. बिघडतो तो त्या दुकानाच्या मॅनेजरचा हिशेब, जर त्याचं टार्गेट फक्त काउंटरवरच्या बिलांवरून मोजलं जात असेल.