डावा हात आडवा: सॉफ्टबॉलमधल्या ऑब्स्ट्रक्शनची पार्श्वभूमी

मैदानात क्रिकेट बघत मोठ्या झालेल्या मुंबईकराला सॉफ्टबॉलमधलं ऑब्स्ट्रक्शन उलटंच वाटतं. क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षणात अडथळा आणला की फलंदाज बाद. सॉफ्टबॉलमध्ये मात्र ऑब्स्ट्रक्शनचा, म्हणजे धावणाऱ्याची वाट अडवण्याचा, दोष क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाचा असतो. रनर, म्हणजे फलंदाजी करणाऱ्या संघाचा धावणारा खेळाडू, क्षेत्ररक्षकाला आडवा आला तर ते इंटरफिअरन्स. शाळांच्या सामन्यांत निम्मा वाद या दोन शब्दांच्या घोळातूनच पेटतो.

१८८७ साली शिकागोच्या फॅरागट बोट क्लबच्या बंदिस्त दालनात, बॉक्सिंगचा हातमोजा हा चेंडू आणि झाडूचा दांडा ही बॅट, असा हा खेळ सुरू झाला. जागा आखूड, म्हणून बेस, म्हणजे रनरने धावत क्रमाने शिवायचे थांबे (फर्स्ट, सेकंड, थर्ड आणि शेवटी होम), हेही जवळजवळ. आजही फास्टपिच या वेगवान चेंडूफेकीच्या प्रकारात दोन बेसमधलं अंतर ६० फूट आहे, तर बेसबॉलमध्ये ९०. चपळ रनर ते तीनेक सेकंदांत कापतो, त्यामुळे त्याचं एक पाऊल चुकवलं तरी निकाल फिरतो.

पूर्वी अमेरिकन नियमांत क्षेत्ररक्षकाला मोठी सवलत होती: चेंडू ‘हातात येण्याच्या बेतात’ असेल तरी त्याला बेस अडवून उभं राहता येई. पण ‘बेतात’ म्हणजे किती? चेंडू रनरपेक्षा जवळ आला की पुरे, असा एक ठोकताळा होता. तरी प्रत्येक पंचाचं माप वेगळं. २००४ मध्ये अमेरिकेच्या अमॅच्युअर सॉफ्टबॉल असोसिएशनने ते शब्दच काढून टाकले. आमच्या मते या नियमाच्या इतिहासातली ही सर्वांत न्याय्य दुरुस्ती. आता पंचाने पाहायचं एवढंच: चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातात आहे का, किंवा फटकावलेला चेंडू तो अडवतो आहे का? दोन्ही नसेल आणि रनरची चाल बिघडली, तर ऑब्स्ट्रक्शन. हेतू विचारायचा नाही. धक्का लागलाच पाहिजे असंही नाही. नुसतं वाटेत उभं राहणं मात्र गुन्हा नाही. रनरचं पाऊल आखडलं, किंवा तो फक्कीच्या रेषेपासून लांब वळसा घेऊन गेला, तरच. म्हणून नजर पायांवर हवी.

टॅग म्हणजे हातातल्या चेंडूने रनरला शिवून बाद करणं. चेंडू हातात नसताना खोटा टॅग दाखवणंही ऑब्स्ट्रक्शनमध्येच मोडतं. क्रिकेटने २०१७ च्या नियमावलीत फलंदाजाला मुद्दाम फसवणाऱ्या क्षेत्ररक्षकाच्या संघाला ५ धावांचा दंड ठेवला, त्याचंच हे भावंड.

अडथळा दिसताच पंच डावा हात खांद्याच्या रेषेत आडवा धरतो: डिलेड डेड बॉल, म्हणजे अडथळ्याचा निर्णय नंतर. खेळ लगेच थांबत नाही. नवखे पंच इथेच चुकतात. घाईने ‘डेड बॉल’ (खेळ थांबला) ओरडतात आणि रनरला मिळू शकणारा पुढचा बेस त्याच्या हातून जातो. हात वर गेला त्याच क्षणी मनात ठरवायचं की अडथळा नसता तर रनर कुठवर पोचला असता; तिथपर्यंत त्याला संरक्षण. समजा, फर्स्ट बेसला वळण घेताना रनर बेसमनवर (बेसजवळच्या क्षेत्ररक्षकावर) अडखळला आणि पंचाने त्याला सेकंडपर्यंत संरक्षण दिलं. सेकंडच्या आधी टॅग झाला तर लगेच डेड बॉल, आणि रनरला सेकंड बेस. सेकंड ओलांडून थर्डकडे धावला आणि वाटेत टॅग झाला, तर आउट. ती जोखीम त्याची स्वतःची. बेस न शिवता पुढे गेला, झेल होण्याआधीच बेस सोडला, पुढच्या रनरला ओलांडलं किंवा स्वतः इंटरफिअरन्स केला, तर संरक्षण असूनही तो आउट होऊ शकतो.

दोनच पंच असले की दोघांचीही नजर चेंडूमागे आउटफिल्डकडे धावते आणि फर्स्टच्या आतल्या कोपऱ्यावर उभा असलेला बेसमन सुटतो. चेंडूकडे एक कटाक्ष टाकून बेस पंचाने लगेच रनरकडे वळायचं. थर्ड ते होम हा पट्टा प्लेट पंचाचा, म्हणजे होमपाशी उभ्या असलेल्या पंचाचा.